ऐकण्यासाठी बांधलेली खोली : प्रागचं बेथलेहेम चॅपल आणि यान हुस

व्लतावाकाठ

इथे जुलैच्या सुरुवातीला लागोपाठ दोन सुट्ट्या असतात. ५ जुलैची सिरिल आणि मेथोडियस या दोन संतांची, ६ जुलैची यान हुसची. पहिल्या दोघांना चर्चने डोक्यावर घेतलं, तिसऱ्याला पाखंडी ठरवून जाळलं. चेक माणसं दोन्ही दिवस गावच्या घरी जाऊन गवत कापतात आणि बिअर पितात, तो भाग वेगळा. देवाधर्माशी त्यांचं फारसं देणंघेणं उरलेलं नाही.

यंदा आईबाबा इकडे आलेत. पूल, किल्ला, घड्याळ सगळं बघून झालं, म्हणून काल त्यांना बेथलेहेम चॅपलला घेऊन गेले. आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात 'जॉन हस' म्हणून धर्मसुधारणेच्या धड्यात एक ओळ असायची, तोच हा. आत गेल्यावर बाबा दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, "यात बघायचं काय? हा तर सभामंडप आहे. कीर्तनाला बरी जागा."

तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे, कारण बाबांनी नकळत वर्मावर बोट ठेवलं. ती जागा तशीच बांधली होती.

बाहेरून दोन उतरत्या छपरांची त्रिकोणी टोकं दिसतात. आत सोनेरी नक्षी नाही, रंगीत काचांचा थाट नाही. उघड्या भिंती, लाकडी व्यासपीठ, कोपऱ्यात एक जुनी विहीर, भिंतींवर मजकुराचे आणि चित्रांचे तुकडे. मूळ इमारत १७८६ साली पाडली गेली. आज दिसते ती १९५० नंतर, कम्युनिस्ट सरकारच्या काळात पुन्हा उभी केलेली आहे. शेजारच्या घरांच्या भिंतींत मूळ चॅपलच्या भिंती सापडल्या, त्या धरून बाकीचं बांधलं. देव न मानणाऱ्या सरकारने प्रार्थनाघर बांधावं हे गमतीचं, पण त्यांना हुस 'जनतेचा क्रांतिकारक' म्हणून हवा होता.

१३९१ साली राजाच्या दरबारातला हानुश आणि क्रीझ नावाचा एक व्यापारी अशा दोघांनी हे चॅपल स्थापन केलं. जमीन क्रीझची. प्रागमध्ये चर्च कमी नव्हती, पण चेक भाषेतल्या प्रवचनासाठी म्हणून राखलेली जागा नव्हती. स्थापनेच्या दस्तऐवजातच घातलंय, की इथल्या प्रवचनकाराने रविवारी आणि सणावारी दोनदा चेकमध्ये प्रवचन करायचं. बेथलेहेम म्हणजे हिब्रूत 'भाकरीचं घर'. लोकांना प्रवचनाची भाकरी मिळावी म्हणून हे नाव. तीन हजार माणसं मावत असं सांगतात. उभी, अर्थातच.

ही कल्पना आभाळातून पडली नव्हती. आधीच्या पिढीत कोनराड वाल्डहाउझर नावाचा ऑस्ट्रियन धर्मगुरू प्रागमध्ये जर्मनमधून बोलायचा. त्याच्या प्रभावाखाली यान मिलिच या माणसाने चांगल्या कमाईची पदं सोडली आणि प्रवचनं करत फिरू लागला. १३७२ मध्ये मिलिचने शहरातल्या वेश्यावस्तीच्या जागेवर धंदा सोडलेल्या बायकांसाठी आश्रम काढला. त्याचं नाव जेरुसलेम. तक्रारी झाल्या, खुलासा करायला तो पोपकडे आव्हिन्योंला गेला आणि १३७४ मध्ये तिथेच वारला. जेरुसलेम बंद पडलं. त्याच्याच वर्तुळातल्या लोकांनी सतरा वर्षांनी बेथलेहेम उभं केलं.

हुस तिथे १४०२ मध्ये आला. दक्षिण बोहेमियातल्या (बोहेमिया म्हणजे आजच्या चेक देशाचा मोठा भाग) हुसिनेत्स गावचा, गरीब घरातला. त्याने स्वतःच लिहून ठेवलंय, की विद्यार्थी असताना भुकेच्या दिवसांत तो भाकरीचा चमचा करून वाटाणे खायचा, आणि वाटाणे संपले की चमचाही खायचा. हेही कबूल केलंय, की धर्मगुरू व्हायचं ते पोटापाण्याची सोय होईल, बरे कपडे मिळतील, लोक मान देतील म्हणून. बुद्धिबळात वेळ घालवला आणि हरलो की चिडायचो, याचीही खंत आहे त्याच्या पत्रात. मला हा माणूस इथे आवडायला लागला. पुतळ्यातला हुस उंच, बारीक, दाढीवाला, दुःखी. पत्रांतला हुस वाटाणे खातो.

आता मुद्द्यावर येते. हुसला त्याच्या मतांसाठी जाळलं असं आपण म्हणतो. पण त्याची मतं बघितली तर तो काही फार जहाल नव्हता. इंग्लंडचा धर्मसुधारक वायक्लिफ त्याच्या कितीतरी पुढे गेलेला. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, भाकर आणि द्राक्षरस यांचं ख्रिस्ताच्या शरीर-रक्तात रूपांतर होऊन मूळ पदार्थ उरतच नाही, ही चर्चची शिकवण वायक्लिफने नाकारली. हुसने ती शेवटपर्यंत नाकारली नाही. धर्मगुरूंनी पदं विकू नयेत, पैसे घेऊन संस्कार करू नयेत, ब्रह्मचर्य पाळावं, हे तर तेव्हाचे बिशपसुद्धा म्हणत.

आणि ही गंमत बघा. १४०५ आणि १४०७ मध्ये प्रागचा आर्चबिशप झ्बिन्येक याने हुसला धर्मगुरूंच्या सभेत बोलायला स्वतः बोलावलं होतं. हुसने तिथे लॅटिनमध्ये, धर्मगुरूंच्याच तोंडावर, त्यांचीच लक्तरं काढली. कुणी त्याला अटक केली नाही. १४०८ मध्ये प्रागच्या धर्मगुरूंनी तक्रार केली ती कशाची? तर हा माणूस हेच सगळं लोकांपुढे चेकमध्ये बोलतो, याची.

म्हणजे तीच टीका लॅटिनमध्ये आपल्या आपल्यात केली तर सुधारणा, आणि चेकमध्ये चांभार-बेकऱ्यांपुढे केली तर बंड. माझ्या मते पुढचं सगळं यातूनच निघालं. आर्चबिशपने पोपकडून फर्मान आणवलं, ते १४१० मध्ये जाहीर झालं. त्यात प्रवचन फक्त कॅथेड्रल, पॅरिश चर्च (म्हणजे त्या त्या वस्तीचं चर्च) आणि मठांतच करावं, खाजगी चॅपलमध्ये नाही, असा नियम होता. बेथलेहेमचं नाव घ्यायची गरजच नव्हती. हुसने समोरच्या गर्दीला विचारलं, की मी बोलत राहिलो तर माझ्याबरोबर राहाल का. गर्दी हो म्हणून ओरडली. तो बोलत राहिला.

१४१२ मध्ये पोप म्हणवणाऱ्या तेविसाव्या जॉनने (तेव्हा एकाच वेळी तीन पोप होते) नेपल्सच्या राजाविरुद्ध धर्मयुद्ध पुकारलं आणि खर्चासाठी क्षमापत्रं (पैसे घेऊन पापाची शिक्षा माफ करणारी पत्रं) विकायला काढली. बोहेमियाचा राजा वेन्सेस्लास याला त्यात वाटा होता. हुस क्षमापत्रांवर तुटून पडला आणि राजाचा आधार गेला. चर्चमध्ये उभं राहून विक्रीला विरोध केला म्हणून मार्टिन, यान आणि स्ताशेक या तीन तरुणांची मुंडकी उडवली. त्यांची प्रेतं लोकांनी मिरवत आणली ती बेथलेहेममध्येच. हुस असेपर्यंत प्रागमधले सगळे धर्मविधी बंद, असा आदेश निघाला. लग्न नाही, मर्तिक नाही. शहराला शिक्षा नको म्हणून तो बाहेर पडला आणि खेड्यापाड्यांत, कोझी ह्रादेक नावाच्या किल्ल्याच्या आसपास, उघड्यावर बोलू लागला. व्यासपीठ काढून घेतलं तर त्याने शेत धरलं.

पुढे जर्मनीतल्या कॉन्स्टन्समध्ये चर्चची मोठी परिषद भरली, तिने त्याला पाखंडी ठरवलं आणि ६ जुलै १४१५ ला तिथेच जाळलं. ते बहुतेकांना माहीत असतं, म्हणून इथे थांबते. चूकभूल दाखवा.

कळसूबाई_१६४६

अहाहा. भाकरीचा चमचा! पुढचे प्रतिसाद वाचायला रुमाल टाकून ठेवतो.

जुनापुराणा

लेख आवडला, पण एक भर घालतो, नाहीतर नवा वाचक असं समजेल की मध्ययुगात लोकभाषेत प्रवचनच होत नसे. मिस्सा लॅटिनमध्ये, हे बरोबर. प्रवचन मात्र युरोपभर लोकांच्या भाषेत होई. १२१५ च्या लॅटरन परिषदेने बिशपांना बजावलं होतं, की तुम्हाला स्वतःला जमत नसेल तर बोलू शकणारी माणसं नेमा. त्याच सुमारास डॉमिनिकन आणि फ्रान्सिस्कन हे भिक्षूंचे संघ उभे राहिले आणि चौकाचौकांत बोलू लागले. बेथलेहेमचं वेगळेपण भाषेपेक्षा व्यवस्थेत आहे. एका दरबाऱ्याने आणि एका दुकानदाराने प्रवचनासाठी कायमची जागा आणि कायमचा पगार यांची सोय करून ठेवली. वक्त्याची चूल पॅरिशच्या धर्मगुरूवर अवलंबून राहिली नाही.

आणि हुसची बहुतेक प्रवचनं आपल्याकडे लॅटिन टिपणांच्या रूपात आहेत. तयारी लॅटिनमध्ये, बोलणं चेकमध्ये. चेक प्रवचनांचा त्याचा मोठा संग्रह १४१३ मधला, म्हणजे प्रागबाहेर असतानाचा. समोर गर्दी नव्हती तेव्हा त्याने ते कागदावर उतरवलं.

व्लतावाकाठ

जुनापुराणा, धन्यवाद, हे हवंच होतं. 'वक्त्याची चूल' हा मुद्दा माझ्याकडून निसटला होता.

शंकासुर

व्लतावाताई, लेख छान, पण हुसला जरा देव्हाऱ्यात बसवलंत. १४०९ चा कुत्ना होराचा हुकूम सोयीस्करपणे गाळलात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्राग विद्यापीठात चार 'राष्ट्रं' होती, म्हणजे विद्यार्थ्यांचे आणि अध्यापकांचे गट : बोहेमियन, बव्हेरियन, सॅक्सन आणि पोलिश. प्रत्येकाला एक मत. राजा वेन्सेस्लासला पोपांच्या भांडणात विद्यापीठाने तटस्थ राहायला हवं होतं, बाकीचे तिघे ऐकेनात. राजाने एका फटक्यात हिशोब उलटवला. बोहेमियनांना तीन मतं, उरलेल्या तिघांना मिळून एक. शेकडो जर्मन अध्यापक आणि विद्यार्थी निघून गेले, त्यांतल्या काहींनी लाइपझिगचं विद्यापीठ उभं केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रागचा रेक्टर म्हणून कोण निवडला गेला? यान हुस.

ही भूमिपुत्रांची चळवळ होती. धर्मसुधारणा तिच्या पाठीवर बसून आली. आणि प्रागहून हाकललेले तेच लोक कॉन्स्टन्सला साक्षीदार म्हणून हजर झाले, तर नवल कसलं?

व्लतावाकाठ

मान्य. गाळलं ते सोयीसाठी नाही, लांबीसाठी, पण परिणाम तोच झाला. हुसने त्या हुकुमाला उघड पाठिंबा दिला होता. फक्त एक जोडते. एका वाईट चेकपेक्षा मला एक चांगला जर्मन प्रिय, अशा अर्थाचंही त्यानेच लिहिलंय. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. बेथलेहेमची गर्दी मात्र चेकच होती, आणि शहरातले श्रीमंत बरेचसे जर्मन. हे नाकारून चालणार नाही.

वेलांटी

भाषेचा विषय निघालाय तर राहवत नाही. चेकमधल्या अक्षरांवर जे टिंब-टोप्या दिसतात, त्यांचं मूळ ज्या पुस्तिकेत आहे ती हुसची मानली जाते. आधी एका उच्चारासाठी दोन-दोन तीन-तीन रोमन अक्षरं जोडायचे. तिच्यात सुचवलंय की वर एक टिंब द्या, काम भागतं. लांब स्वरासाठी वर तिरकी रेघ. त्या टिंबाची पुढे छोटी टोपी झाली, तिला आता हाचेक म्हणतात. शेजारच्या पोलिशमध्ये अजून अक्षरांच्या जोड्या आहेत, वाचताना जीव जातो.

दुसरी गंमत. हुसने एका ठिकाणी प्रागकरांवर तोंडसुख घेतलंय, की हे लोक अर्धं चेक अर्धं जर्मन बोलतात. टॉवेलला जर्मन शब्द, एप्रनला जर्मन शब्द, आणि 'शिश्का' सोडून 'क्नेडलिक' म्हणतात! तोच क्नेडलिक आज त्यांचं राष्ट्रीय खाद्य आहे. शुद्धलेखनवाल्यांचं नशीब सगळीकडे सारखंच.

कळसूबाई_१६४६

वेलांटी :D :D
म्हणजे या संस्थळावर असता तर प्रत्येक धाग्यावर येऊन 'टॉवेल नव्हे, पंचा' असं लिहून गेला असता.

मांडवीतीर

वाचतोय. आमच्याकडे गोव्यात प्रवचनाला 'शेर्मांव' म्हणतात, पोर्तुगीजमधून आलेला शब्द. लहानपणी शेर्मांवच्या वेळी बाहेर जाऊन उभे राहणारे काका प्रत्येक गावात असायचे.

माझा एक प्रश्न आहे. त्याच काळात इटलीत सिएनाचा बर्नार्दिनो होता. तोही लोकभाषेतच बोलायचा, गर्दी हुसइतकीच किंवा जास्त. त्याला १४५० मध्ये संतपद मिळालं. म्हणजे एकाला चिता आणि एकाला देव्हारा. जेमतेम दहा वर्षांच्या अंतराने जन्मलेली ही दोन माणसं. फरक कुठे पडला?

जुनापुराणा

झकास प्रश्न. सवडीने लिहितो.

बर्नार्दिनोबद्दल आपल्याला हुसपेक्षा जास्त जवळून माहिती आहे, आणि तिचं श्रेय एका कारागिराला. १४२७ मध्ये सिएनाच्या मोठ्या चौकात त्याने पंचेचाळीस प्रवचनं दिली. कापडाची लव कातरणारा बेनेदेत्तो नावाचा एक माणूस रोज मेणाच्या पाट्या घेऊन बसायचा, शब्द न शब्द टिपायचा, आणि नंतर कागदावर उतरवायचा. त्यामुळे मुद्दे तर आहेतच, शिवाय मध्येच थांबणं, पेंगणाऱ्या बायकांना मारलेले टोमणे, गोष्टीतले आवाज, सगळं आहे. पहाटे सुरू व्हायचं, दुकानं उघडायच्या आत. त्या वेळची चित्रं बघा, गर्दीच्या मधून आडवं कापड ताणलेलं असतं. एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला बाप्ये.

त्याचाही खटला झाला, हे बहुतेकांना माहीत नसतं. प्रवचनाच्या शेवटी तो सूर्यकिरणांत लिहिलेली येशूच्या नावाची अक्षरं असलेली पाटी उंच धरायचा आणि लोक गुडघे टेकायचे. विरोधक म्हणाले, ही मूर्तिपूजा आहे. पोप पाचव्या मार्टिनने त्याला रोमला बोलावलं. तो गेला, खुलासा केला आणि निर्दोष सुटला. हा मार्टिन म्हणजे १४१७ मध्ये कॉन्स्टन्सच्याच परिषदेत निवडला गेलेला पोप.

फरक दोन ठिकाणी दिसतो. रोमने बोलावलं तेव्हा हुस गेला नाही. जाऊन परत आला असता असंही नाही, त्याचे वकील तिथे तुरुंगात पडले होते. दुसरा फरक व्लतावाकाठ यांच्याच मुद्द्याचा. बर्नार्दिनो ज्यांच्यावर तुटून पडायचा ते समोर बसलेले असायचे. जुगार, सावकारी, बायकांचे नट्टेपट्टे, गटबाजी. हुस ज्यांच्याबद्दल बोलायचा ते लोक व्यासपीठाच्या मागे होते.

आणि बर्नार्दिनोला गोड म्हातारा समजू नका. चेटकिणी, ज्यू आणि समलिंगी पुरुष यांच्याविरुद्ध त्याची प्रवचनं आज वाचवत नाहीत. त्याचा शिष्य कापिस्त्रानोचा जॉन १४५१ पासून मोराव्हियात फिरत होता, कशासाठी? हुसच्या अनुयायांना परत आणायला. तो लॅटिनमध्ये बोलायचा आणि दुभाष्या भाषांतर करायचा! १४५३ मध्ये व्रोत्सवाफला (आता पोलंडमध्ये) त्याच्या पुढाकाराने ज्यूंना जाळण्यात आलं. चांगलं बोलता येणं ही तलवार आहे, ती कुणाच्या हातात आहे एवढाच प्रश्न.

मांडवीतीर

दंडवत घ्या. ती येशूच्या नावाची अक्षरं म्हणजे आय, एच आणि एस ना? ग्रीक नावाची पहिली तीन अक्षरं. मग ती मी रोज बघतो की! जुन्या गोव्याच्या बॉं जेझू चर्चच्या दर्शनी भिंतीवर, अगदी वर, दगडात कोरलेली आहेत. जेझुइटांनी ती आपली मुद्रा म्हणून घेतली. सिएनाच्या चौकातली पाटी मांडवीपर्यंत आली म्हणायची.

जुनापुराणा

तीच. सिएनाच्या नगरभवनाच्या दर्शनी भिंतीवरही आहेत. अक्षरं त्याच्याही आधीपासून वापरात होती, पण घराघरावर पोचली ती त्याच्यामुळे.

तोफखाना

सगळे प्रवचनात अडकलात, तोफा विसरलात. हुसला जाळल्यावर बोहेमियात पंधरा-वीस वर्षं जी लढाई झाली तिच्यात यान झिझ्का नावाचा एकाक्ष, शेवटी पूर्ण आंधळा झालेला सेनापती होता. शेतकऱ्यांच्या गाड्या साखळीने जोडून तट करायचा आणि आतून बंदुका, तोफा. १४२० ते १४३१ मध्ये पाच धर्मयुद्धं आली, पाचही परतवली. त्यांच्या आखूड तोफेला चेकमध्ये 'होउफ्नित्से' म्हणत, 'होउफ' म्हणजे जमाव, जमावावर डागायची म्हणून. त्यावरून जर्मनमधला शब्द आला आणि त्यावरून आपली हॉवित्झर. कारगिलच्या वेळी बोफोर्स बोफोर्स ऐकलं ना, तीच जात. शेवटी १४३४ मध्ये लिपानीला हरले, तेही आपसातल्या लढाईत. मवाळ हुसवाद्यांनी कॅथलिकांशी हात मिळवून जहालांना कापलं.

शंकासुर

तोफखाना, हेच मला म्हणायचं होतं. ३० जुलै १४१९ ला यान झेलिव्स्की नावाचा प्रवचनकार व्यासपीठावरून उतरला, जमाव घेऊन नगरभवनावर गेला आणि नगरसेवकांना खिडकीतून खाली भाल्यांवर फेकलं. बेथलेहेमच्या सभामंडपातून तिथपर्यंत किती अंतर? अठरा वर्षांत पोचले.

व्लतावाकाठ

सतरा. १४०२ ते १४१९. ;)

पण प्रश्न खरा आहे. मला वाटतं मधे १४१५ आहे, ते मोजल्याशिवाय अंतर कळत नाही. १४२० मध्ये प्रागकरांनी ज्या चार मागण्या मांडल्या त्यांत ख्रिस्तप्रसादातला द्राक्षरसाचा प्याला सामान्यांनाही मिळावा, धर्मगुरूंनी ऐहिक सत्ता सोडावी, उघड पापांना शिक्षा व्हावी, या तीन. आणि चौथी, जी बहुतेक याद्यांत पहिली लिहिली जाते, ती म्हणजे देवाचं वचन कुठेही मोकळेपणी सांगता यावं. लढाईच्या तोंडावरही प्रवचनाचा हक्क मागत होते. प्याल्याची प्रथा तर याकोउबेक या हुसच्या मित्राने १४१४ मध्ये सुरू केली, हुस तेव्हा प्रागमध्ये नव्हताच. त्याने नंतर तुरुंगातून दुजोरा दिला.

बायकांबद्दल कुणी विचारलं नाही म्हणून मीच लिहिते. चॅपलच्या आसपासच्या घरांत काही धार्मिक बायका एकत्र राहायच्या, मठाची शपथ न घेता. हुसने त्यांच्यासाठी चेकमध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं, 'मुलगी' अशा नावाचं. राणी सोफीही त्याच्या बाजूची होती. गर्दीत बायका किती होत्या ते कुणी मोजलं नाही, पण लिहिताना त्यांच्यासाठी वेगळं लिहावं असं त्याला वाटलं.

बोडनसेकर

कॉन्स्टन्सपासून तासाभराच्या अंतरावर राहतो, म्हणून हजेरी लावतो. जाळलं ती जागा समजतात तिथे १८६२ मध्ये बसवलेला एक प्रचंड काळपट दगड आहे, चारी बाजूंनी बंगले. बंदरावर मात्र नऊ मीटर उंचीची एक वेश्या उभी आहे, काँक्रीटची, १९९३ पासून. ती चार मिनिटांत एक गोल फिरते. तिच्या दोन हातांवर दोन नागडे खुजे, एकाच्या डोक्यावर पोपचा मुकुट, दुसऱ्याच्या डोक्यावर सम्राटाचा. परिषदेला गावात कोण कोण जमलं होतं त्याची आठवण. पर्यटक तिचे फोटो काढतात. दगडापाशी मी गेलो तेव्हा एकटाच होतो.

शेजारी, आता स्वित्झर्लंडमध्ये, गोटलीबेनचा किल्ला आहे. हुसला वसंतात तिथे बेड्या घालून ठेवलं होतं. आणि त्याच जून महिन्यात, काही दिवसांच्या फरकाने, तिथे दुसरा कैदी आणला : तोच क्षमापत्रंवाला तेविसावा जॉन. परिषदेतून वेष पालटून पळाला, पकडला, पदावरून काढला. तो पुढे सुटला आणि कार्डिनल म्हणून मेला. फ्लॉरेन्सला त्याची संगमरवरी समाधी आहे. हुसची राख ऱ्हाइनमध्ये टाकली, कुणी आठवण म्हणून उचलू नये म्हणून.

शंकासुर

आणि जर्मन राजा सिगिस्मुंडचं अभयपत्र? ते दिलेलं असताना अटक कशी केली?

बोडनसेकर

हुस ३ नोव्हेंबर १४१४ ला पोचला, अभयपत्र त्याच्या हाती पडलं ते पोचल्यावर. २८ ला अटक. सिगिस्मुंड गावात यायचा होता, आला तो नाताळात. आल्यावर चिडला म्हणतात, पण परिषद मोडेल अशी भीती घातल्यावर गप्प बसला. परिषदेचं म्हणणं, पाखंडाच्या बाबतीत राजाचं वचन चर्चच्या न्यायालयाला बांधील नाही. असा ठराव नंतर रीतसर लिहूनही घेतला, हुस गेल्यावर दोन महिन्यांनी.

मला स्वतःला खटल्यातला अडकित्ता जास्त भयंकर वाटतो. त्याच्यावर जे तीस मुद्दे लावले त्यांतले काही तो म्हणत होता, मी कधी शिकवलेच नाहीत. त्यांचं म्हणणं, मग मागे घ्यायला काय जातं? त्याचं म्हणणं, जे मानलंच नाही ते मागे घेतो अशी शपथ घेतली तर ती खोटी शपथ, आणि इतकी वर्षं ज्यांना प्रवचनं दिली त्यांना काय तोंड दाखवू? धर्मग्रंथातून चूक दाखवा, मागे घेतो. त्यांनी त्याला समजावण्याचे खूप प्रयत्न केले, हेही खरं. जिवंत आणि शरण आलेला हुस त्यांना जास्त उपयोगी होता.

कळसूबाई_१६४६

जळताना तो म्हणाला होता ना, की आज तुम्ही बदक भाजताय, पण शंभर वर्षांनी हंस येईल, त्याला भाजता येणार नाही? हुस म्हणजे चेकमध्ये बदक. आणि हंस म्हणजे जर्मन धर्मसुधारक ल्युथर. एका फॉरवर्डमध्ये वाचलं होतं.

जुनापुराणा

फॉरवर्ड! हुसच्या १४१२ च्या पत्रात स्वतःच्या नावावर कोटी आहे, ती अशी : एका पाळीव पक्ष्यासाठी जाळी लावलीत, पण उंच उडणारे पक्षी, ससाणे आणि गरुड, ती तोडतील. हंस नाही, शंभर वर्षं नाहीत. हंस ल्युथरने स्वतःच १५३१ मध्ये घातला, हुसने माझंच भाकीत केलं होतं म्हणून. उत्तर जर्मनीत ल्युथरच्या पंथाच्या कित्येक चर्चच्या कळसावर वारा दाखवणारा हंस असतो, तो या कोटीतून आला.

वेलांटी

थांबा थांबा. 'हुसा' म्हणजे बदक नव्हे, गूस. बदकाहून मोठा पक्षी, ज्याला मराठीत धड वेगळा शब्दच आपण ठेवला नाही. आणि आता ऐका : चेक 'हुसा', जर्मन 'गान्स', इंग्रजी 'गूस' आणि संस्कृत 'हंस' हे चारही एकाच मुळातून आलेले शब्द आहेत. जुन्या संस्कृतातला हंसही बहुधा हाच, हिमालय ओलांडून येणारा, स्वान नव्हे. तेव्हा मराठीत सांगायचं तर भाजला तोही हंस, आणि शंभर वर्षांनी आला तोही हंसच. ल्युथरची कोटी आपल्या भाषेत चालतच नाही.

व्लतावाकाठ

वेलांटी, कमाल! बाबांना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मग हुस हुस काय करतेस केव्हाची, सरळ हंसबुवा म्हण की." उद्या परत जायचंय म्हणे त्यांना तिकडे. विहिरीला अजून पाणी आहे का, ते बघायचं राहिलं.